नऊशे बारा वाक्यं

माझी धाकटी जाऊ ॲपचं काम करते असं मी शेजारणीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मोबाइलच्या दुकानात आहे का?" मी हो म्हणून मोकळी झाले. समजावून सांगायचं तर दुधाची पिशवी हातात धरून अर्धा तास उभं राहावं लागलं असतं. ॲप बनवणारे वेगळे असतात. ते बनवतात आणि पुढच्या कामाला लागतात. मग ते ॲप कुणाच्या फोनवर आपोआप बंद पडतं, कुणाच्या कॉम्प्युटरवर उघडतच नाही, कुणाला टाइप करताना पुढचं बटणच दिसत नाही कारण ते कीबोर्डच्या खाली दडलेलं असतं. अशी सगळी दुखणी माझ्या जावेकडे यायची. ऑफिसात तिला वैद्यबाई म्हणत. थट्टेने सुरू झालेलं नाव पुढे साहेबसुद्धा घेऊ लागले.

आम्ही खाली, ते दोघं आणि त्यांची लेक ठकी वर. मध्ये एक जिना. संध्याकाळी ऑफिसातून आली की ती आधी माझ्या स्वयंपाकघरात टेकायची आणि मटार सोलता सोलता दिवसभराच्या दुखण्यांची हकीकत सांगायची. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण ऐकायला मजा यायची. एकदा एका बाईंचं हिशेबाचं ॲप रोज दुपारी बंद पडायचं. सकाळी व्यवस्थित. सगळ्यांनी डोकं फोडून घेतलं. हिने त्या बाईंना फक्त विचारलं, "दुपारी काय करता?" त्या म्हणाल्या, "काही नाही हो, फोनची बॅटरी वाचवायचं बटण दाबते आणि पडते." संपलं! त्या बटणाने फोन बाकीच्या सगळ्या ॲपचे गळे दाबत होता.

"आधी दुखणं आपल्या डोळ्यांसमोर घडवून आणायचं, ताई," ती म्हणायची. "जे पुन्हा घडत नाही ते बरं करता येत नाही."

त्यासाठी तिची एक पद्धत होती. ऑफिसात त्या पद्धतीला 'पाटी कोरी करणं' म्हणत. टेबलावर दहाबारा जुनेनवे फोन पडलेले असायचे. प्रत्येक वेळी तपासायच्या आधी ॲप फोनवरून काढून टाकायचं आणि नव्याने घालायचं, म्हणजे जुन्यातली घाण मध्ये येत नाही. दिवसातून वीस वेळा, तीस वेळा. बारा वर्षं ते केल्यावर तिची बोटं ते विचार न करता करत. मी जसा गॅस न बघता बंद करते, तसं. गिऱ्हाइकाच्या फोनला मात्र असा हात लावायचा नाही, आधी त्यातल्या माहितीची प्रत काढून ठेवायची, असा तिचाच नियम होता. भिंतीवरचा कागद तिनेच लिहिलेला: आधी प्रत, मग हात.

तिचा नवरा, म्हणजे माझे धाकटे दीर, गाडी शिकवायचे. भाऊजींचा आवाज म्हणजे काय विचारू नका. दोन गल्ल्या पलीकडे गाडी वळली तरी "क्लच! क्लच! अहो, तो ब्रेक आहे!" हे माझ्या ओट्यापर्यंत यायचं. आमचे हे म्हणायचे, "याला हॉर्नची काय गरज आहे?" त्या दोघांची भांडणंही मला छतातून ऐकू यायची. पंखा किती वर ठेवायचा यावरून सुरू व्हायची आणि तिच्या मावशीच्या लग्नात जेवण गार होतं इथपर्यंत जायची. मग एकदम हसणं. मी खाली पोळ्या लाटताना मनातल्या मनात गुण द्यायची. बहुतेक वेळा जाऊ जिंकायची.

मग भाऊजींचा घसा बसला. महिना झाला तरी उठेना. सगळे म्हणाले, शिकवणाऱ्याचा घसा, बसायचाच. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला आणि दोघांना समोर बसवून सांगितलं की स्वरपेटी काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. शस्त्रक्रियेला तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी जाऊ माझ्याकडे आली, मटार समोर ओढले आणि म्हणाली, "ताई, मी त्याचा आवाज साठवून ठेवणार आहे."

तिने ॲप लिहिलं. पहिल्यांदाच बरं करण्याऐवजी बनवलं. फोनवर बटणं, प्रत्येक बटणावर एक वाक्य लिहिलेलं. बटण दाबलं की ते वाक्य भाऊजींच्या आवाजात बोललं जाणार. कॉम्प्युटरवर त्याचंच मोठं भावंड, वाक्यं नीट लावायला, बटणांची नावं बदलायला सोपं. फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांशी जुळवून घेणार, एकीकडे घातलं की दुसरीकडे आपोआप जाणार, एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसणार.

आवाज भरायला शांत जागा हवी होती. शेवटी गाडी शिकवण्याचीच गाडी सापडली. मैदानाच्या कडेला उभी करायची, काचा वर, इंजिन बंद. मास्तरांच्या जागेवर भाऊजी, शिकाऊच्या जागेवर ती, मांडीवर फोन आणि यादी. घोगऱ्या आवाजात का होईना, रोज चाळीस-पन्नास वाक्यं ते बोलत. चहा टाक. ठकी, दप्तर भरलंस का? दुखत नाही गं, उगाच तोंड पाडू नकोस. ब्रेक, ब्रेक! (पुन्हा शिकवायला जायची आशा होती त्यांना.) तुझ्या माहेरी सगळे असेच बोलतात. मी बरोबर होतो, कबूल कर. शिवाय त्या दोघांमधली काही, जी यादीत खुणेने लिहिलेली होती आणि मी कधी विचारली नाहीत.

त्या खासगी वाक्यांमुळेच भाऊजी म्हणाले, "हे बाहेर कुणाच्या मशीनवर ठेवायचं नाही हं. घरातच राहू दे. आणि पुसलं की पुसलं गेलं पाहिजे, कुठल्या टोपलीत पडून राहायला नको." जाऊ म्हणाली बरं. तीन आठवड्यांनी नऊशे बारा वाक्यं झाली. नऊशे तेरावं त्यांना म्हणायचं होतं, पण घसा चालेना.

शस्त्रक्रिया झाली. भाऊजींच्या गळ्याला खाली एक भोक राहिलं, त्यातून श्वास. गाडी शिकवणाऱ्या शाळेने त्यांना नावनोंदणीच्या टेबलावर बसवलं. लोक फॉर्म भरत, ते बोटाने चुकलेला रकाना दाखवत. पण घरी आवाज होता. पंधरा दिवसांत त्यांची बोटं बटणांवर अशी चालायला लागली की भांडण पुन्हा रंगायला लागलं. ती बोलायची, मग क्षणभर शांतता, मग वरून भाऊजींचा जुना आवाज: "मी बरोबर होतो, कबूल कर." रोज सकाळी ठकीला तोच आवाज उठवायचा. ती म्हणायची, "बाबा, तुम्ही रोज सेम ओरडता," आणि पांघरुणात जायची.

आठ महिने असे गेले.

मग फोन बनवणाऱ्यांनी फोनची नवी आवृत्ती पाठवली, ती आपोआप बसली आणि बटणं एक घर पुढे सरकली. एक दाबलं की शेजारचं वाजायचं. भाऊजींनी चहा मागितला तर फोन ओरडला, "ब्रेक, ब्रेक!" शेजारचे काका भेटायला आले, भाऊजींनी "या, बसा" दाबलं आणि फोन म्हणाला, "निघ आता, डोकं उठलंय माझं." काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. भाऊजी आवाजाशिवाय हसत होते, खांदे हलत होते. ठकीला तर खेळच मिळाला.

"रविवारी करते नीट," जाऊ म्हणाली. "क्षुल्लक आहे."

रविवारी दुपारी मी लोणी द्यायला वर गेले होते, म्हणून जे झालं ते मी पाहिलं. ती टेबलाशी बसली होती. दुखणं तिने तासाभरात शोधलं होतं, नवं औषध तयार होतं. भाऊजींचा फोन वायरने कॉम्प्युटरला जोडलेला. फोनने नवं ॲप घ्यायला नकार दिला. त्याचं कारण मला तिने नंतर सांगितलं. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची एक छुपी सही असते. पहिलं ॲप तिने ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर बनवलं होतं, तो परत केल्यावर त्यांनी पार पुसून दुसऱ्याला दिला. नव्या कॉम्प्युटरची सही वेगळी. सही जुळत नाही म्हटल्यावर फोन म्हणतो, मी याला ओळखत नाही.

असं ऑफिसात दिवसातून चार वेळा होतं. तेव्हा काय करायचं हे बोटांना माहीत असतं. पाटी कोरी. जुनं काढायचं, नवं घालायचं.

"झालं," ती म्हणाली आणि माझ्या हातातली वाटी घ्यायला हात पुढे केला. तो हात मध्येच थांबला.

ॲप काढलं की त्याच्या पोटातलं सगळं त्याच्याबरोबर जातं. फोनवरची यादी रिकामी होती. पण ती घाबरली ती त्यामुळे नाही. कॉम्प्युटरवर सगळं होतं ना. ती घाबरली कारण कॉम्प्युटरवरचं ॲप चालू होतं, फोन वायरने जोडलेला होता, आणि दोघं एकमेकांशी जुळवून घ्यायला लागले होते. कॉम्प्युटरने पाहिलं, फोनवर एकही वाक्य नाही. म्हणजे मालकाने पुसली असणार. मग इथलीही पुसायला हवीत.

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा असायचा, किती वाक्यं आहेत त्याचा. मी तो उतरताना पाहिला. सहाशे. साडेतीनशे. तिने वायर इतक्या जोरात ओढली की फोन खाली पडला. आकडा शून्यावर थांबलेला होता.

"काय झालं गं?" मी विचारलं.

तिने कॉम्प्युटर बंद केला, अंगठा बटणावर दाबूनच धरला, जसं काही सोडलं तर आणखी काही जाईल. भाऊजी सोफ्यावर ठकीची वही बघत होते. पडलेला फोन उचलायला ते आले, त्यांनी ॲप उघडलं, पांढरा पडदा पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही. आठ महिन्यांत ते तिचा चेहरा वाचायला चांगलेच शिकले होते.

ठकी म्हणाली, "बाबा, बटणं कुठे गेली?"

पुढचे दहा दिवस जावेने रजा काढली. हरवलेल्या फाइली परत मिळवून देणाऱ्या एका माणसाकडे ती कॉम्प्युटर आणि फोन दोन्ही घेऊन गेली. मी बरोबर होते. तो भला माणूस होता. म्हणाला, "बाई, जुन्या पद्धतीची डिस्क असती तर खरवडून काढलं असतं. या नव्या डिस्का पुसलेली जागा स्वतःच झाडून ठेवतात. आणि तुमच्या ॲपने पुसतानाच पक्कं पुसलंय. कुणी लिहिलंय हे ॲप? काम चोख आहे."

"मीच," ती म्हणाली.

त्याने एक्केचाळीस सेकंद काढून दिले, तुकड्यातुकड्यांत. खरखर, गाडीच्या सीटची करकर, एका तुकड्यात भाऊजींचा खोकला. शब्द एकही नाही.

रिक्षात ती मला सांगत होती, सांगत होती म्हणजे स्वतःलाच ऐकवत होती. "रिकाम्या यादीवर विश्वास ठेवायचा नाही, ताई. समोरची यादी एकदम रिकामी दिसली तर आधी माणसाला विचारायचं, खरंच पुसू का? दोन गिऱ्हाइकांच्या ॲपमध्ये हाच दोष मी काढलाय. नव्या पोरींना हे शिकवलंय. स्वतःच्या ॲपमध्ये चार ओळी घातल्या नाहीत. म्हटलं, घरचंच तर आहे. मीच हाताळणार." मग म्हणाली, "आणि प्रत. मी, ताई. मी प्रत काढली नाही."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, पण मी ते बोलले नाही. मी तिचा हात धरून बसले.

घरातल्या जुन्या व्हिडिओंमध्ये भाऊजींचा आवाज होता थोडा. शूटिंग तेच करायचे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी "इकडे बघ, इकडे बघ" एवढंच. जावेने तेवढ्यावरून यंत्राकडून त्यांचा आवाज तयार करवून पाहिला. तो भाऊजींना ऐकवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि ठकीच्या पाटीवर खडूने लिहिलं: हा कोण तोतया माझ्या घरात? आम्ही हसलो. तिने ते त्याच दिवशी काढून टाकलं.

भाऊजींनी तिला एका शब्दाने बोल लावला नाही. लावायला शब्द नव्हता असं कुणी म्हणेल, पण पाटी होती, खडू होता. त्यांनी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं: मास्तर गप्प बसला की शिकाऊ गाडी नीट चालवतो. तिने ते वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

आणि छतातून येणारी भांडणं बंद झाली. पंखा तीनवर ठेव असं त्यांनी लिहिलं की तीनवर. भाजीत मीठ नाही असं त्यांनी खूण करून सांगितलं की लगेच मीठ. ती सगळ्याला हो म्हणायला लागली. नको असलेल्या पाहुण्यासारखी स्वतःच्या घरात वावरायची, पाय न वाजवता. ऑफिसात काम करायची, पण साहेबांना सांगून तपासायचे फोन दुसऱ्या पोरीकडे दिले. ही फक्त कागदावर निदान लिहून द्यायची. वैद्यबाई नाडी बघायच्या, औषधाला हात लावायच्या नाहीत.

ठकीला सकाळी आता कुणी ओरडत नव्हतं. भाऊजी पाय हलवून उठवायचे. एकदा मी तिची वेणी घालत होते तर म्हणाली, "काकू, बाबांचा आवाज कसा होता ते मी विसरले तर?" मी म्हटलं, "मी आहे ना, मला पाठ आहे." मग रात्रभर मी आठवून पाहत होते, मला तरी नीट आठवतोय का.

चार महिन्यांनी एका दुपारी भाऊजी पाटी घेऊन खाली आले. मी कपड्यांच्या घड्या करत होते. त्यांनी लिहिलं: वहिनी, ती भांडत नाही.

"कशी भांडेल? तुम्ही उत्तर द्यायला नको का? एका हाताने टाळी वाजते होय?"

त्यांनी पुसलं आणि लिहिलं: माझा आवाज गेला तेव्हा इतकं एकटं वाटलं नव्हतं.

मी घडी मांडीवर ठेवली. ते बराच वेळ खिडकीतून रस्ता बघत बसले. मग एकदम त्यांनी माझ्याकडे वही मागितली आणि लिहायला बसले. तीन दिवस रोज येऊन लिहीत होते. चौथ्या दिवशी वर गेले आणि ती वही तिच्यासमोर ठेवली. वर एकच ओळ होती: तुझ्या आवाजात भरून दे.

ती नाही म्हणाली. त्यांनी वही तिथेच ठेवली. जेवणाच्या टेबलावर, तिच्या उशीशी, एकदा तिच्या ऑफिसच्या पिशवीत डब्याखाली. आठवडाभराने ती वही घेऊन माझ्याकडे आली. त्या गाडीत ती पुन्हा बसणार नव्हती. माझ्याकडे गाद्या-पांघरुणांची खोली आहे, तिथे आवाज घुमत नाही. दार लावून ती आत बसली आणि मी बाहेर, कारण तिने मला जाऊ नका म्हटलं होतं.

"चहा टाक," आतून तिचा आवाज आला. मग, "पंखा पाचवर हवाय मला." मग जरा थांबून, "तुझ्या माहेरी सगळे असेच बोलतात." ते वाक्य तिने तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा चांगलं ठसक्यात. स्वतःच्या माहेरावरचा टोमणा स्वतःच्या तोंडाने, तोही मन लावून. मला हसू फुटलं. पदर तोंडात धरला, तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आतून ती ओरडली, "ताई, हसू नका, भरलं जातंय!"

दोनशे सहा वाक्यं झाली. प्रती पाच ठिकाणी ठेवल्या, एक माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. एक वाक्य मात्र तिने भरलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर होतं: तुझं काही चुकलं नाही. तिने त्यावर रेघ मारली. भाऊजींनी खाली पुन्हा लिहिलं. तिने पुन्हा रेघ मारली.

"हे मी म्हणणार नाही," ती माझ्यासमोर त्यांना म्हणाली. "माझ्या तोंडून तर नाहीच. खोटं आहे ते."

भाऊजींनी वाद घातला नाही. कॉम्प्युटरवर बसून त्यांनी स्वतःच ते बटण तयार केलं. वाक्य लिहिलेलं, आत आवाज नाही. अगदी वरच्या ओळीत ठेवलं.

भांडणं परत यायला लागली आहेत, थोडी थोडी. छतातून आता तिचाच आवाज दोन वेळा येतो, एकदा खरा आणि एकदा फोनमधला, थोडा पातळ. परवा कुकरच्या शिट्ट्यांवरून जुंपलं. ती म्हणाली तीन, फोनमधली ती म्हणाली चार. मी जिन्यात उभी होते, हातात त्यांची टपालाची पाकिटं. मग काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ठकीच्या हातून पेला पडला असावा. जाऊ म्हणाली, "माझंच चुकलं, मी काठाला ठेवला होता." त्यावर फोनमधून काही आलं नाही. बराच वेळ आलं नाही.

"ऐकलं मी," जाऊ म्हणाली. "सारखं दाबू नकोस ते वरचं बटण."

मी पाकिटं पायरीवर ठेवली आणि खाली आले.